आप्पांनी घातलेलं थंडीचं गाऱ्हाणं

पावसजवळच्या आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांचा. माणूस सत्तरीचा आणि हाडकुळा. वेळ पाळत नाहीत, ऐकलेलं अर्धं विसरतात आणि उरलेलं वाढवून सांगतात. मी निवृत्त शिक्षिका, मला असली माणसं खपत नाहीत, पण आप्पा ओट्यावर आले की मी चहा टाकते. का, ते विचारू नका.

यंदा शिमग्याआधी आले ते टोपी काढून नुसती फिरवत बसले.

"बोला लवकर, माझा कुकर लागलाय."

"बाई, खरा सांगा. थंडी गेली कशानं?"

प्रकरण मला ठाऊक होतं. हंगामाचा पहिला आंबा देवापुढे ठेवायचा मान योगिनीच्या सासरचा. नवरा वारल्यापासून तो तीच ठेवते. नेमकी तेव्हापासून थंडी दगा देतेय. रात्री गार झाल्याशिवाय कलमं मोहरत नाहीत, आणि मोहरली तर अवकाळी पाऊस आहेच. तिच्या चुलतदिराने, धाकूने, गावभर उठवलं की विधवेचा हात लागला म्हणून देव कोपला. आप्पांनी गाऱ्हाण्यात तसं बोलायचं आणि मान धाकूकडे द्यायचा, असं बैठकीत ठरलं होतं.

"सगळी पृथ्वीच तापतेय. उत्तर ध्रुवावरचाही बर्फ वितळतोय," मी म्हटलं. "तिथे योगिनी कधी गेली होती? तिचं मांडवी बंदरापलीकडे जाणं नाही!"

"धाकू म्हणतो, सूर्यच तापलाय. देवाची करणी."

"सूर्य तापला असता तर हवा वरपासून खालपर्यंत तापली असती. मोजलंय लोकांनी. खालची हवा तापतेय आणि खूप वरची गार होतेय. गोधडी पांघरली की काय होतं? आत ऊब, बाहेर गार. आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो, त्यातून निघणाऱ्या वायूची गोधडी झालीय. म्हणून तर जगात बहुतेक ठिकाणी दिवसांपेक्षा रात्री जास्त झपाट्याने तापतायत."

"आणि ही गोधडी शिवली कोणी?"

"माणसांनी. श्रीमंत देशांनी जास्त. पण तुमच्या फटफटीनेही एक टाका घातलाय."

आप्पा दुखावले. "तिला मी रोज पुसतंय हो!" मग हळूच म्हणाले, "बाई, देवापुढं खोटा कसा बोलू? आणि गावाच्या विरुद्ध बोललो, तर माझा मान ऱ्हाईल काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शिट्टी झाली, उठा."

गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने बोलायचं आणि दर वाक्याला साऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की ते गावाचं बोलणं झालं. सवय इतकी, की अर्थ कळेपर्यंत कोणी थांबत नाही.

शिमग्याला देऊळ भरलं. योगिनी खांबाआड ताट घेऊन बसली होती. आप्पांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"माणसांनी कोळसा जाळला, तेल जाळला, आभाळावर गोधडी घातली, थंडी घालवली..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यात माझी फटफटी आली, धाकूचा चिऱ्यांचा डंपर आला..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने धाकूच ओरडला.

"ह्यात योगिनीचा दोष नाय. तिचा मान तिच्याकडंच ऱ्हाऊ दे..."

"व्हय म्हा..." अर्धा गाव इथे जागा झाला. उरलेल्या अर्ध्याने पुरं करून टाकलं होतं.

"आप्पा, असा ठरला नव्हता!" धाकू उसळला.

"नव्हता ठरला. पण देवासमोर बोललास ना आता? मागं घ्यायचा असेल तर ये पुढं आणि घे."

धाकूने मागे वळून पाहिलं. बैठकीत तावातावाने बोललेले सगळे खालमानेने बसले होते. तोही बसला.

योगिनी उठली. आंबा लहानसाच होता, एका अंगाने किडीने खरवडलेला. यंदा तिच्या बागेत तेवढाच धड निघाला होता. घाईघाईने तो देवापुढच्या पायरीच्या कडेला ठेवून ती मागे सरली.

"कडेला कशाला गो?" आप्पा म्हणाले. "मधोमध ठेव."