गाठ दोनदा पाहणारे काका

इतवारी बाजारातल्या एका हातगाडीवाल्या काकांमुळे मला पुन्हा झोप लागू लागली. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

नववीत शाळा सोडून मी कोकणातून इथे कापडाच्या दुकानात कामाला आलो. रोज स्वप्नात अंगावर गठ्ठे कोसळायचे, म्हणून झोपायचीच भीती वाटायची. हे स्वप्न आहे असं स्वप्नातच कळावं, म्हणून मोबाईलवर उपाय शोधले. ‘आज मला कळेल’ असं घोकत पडलो, तर घोकण्यानेच झोप उडाली. दिवसभर तळहात पाहून ‘मी जागा आहे का?’ विचारत राहिलो, तर शेठ ओरडले, "हातावरच्या रेषा मंग पाह बे, गठ्ठा उचल!"

काका मात्र दुपारी गाडीवरच डुलकी काढायचे आणि हसत उठायचे. माल बांधला की दोरीची गाठ पाहायचे, मान वळवायचे, पुन्हा पाहायचे. मी कारण विचारलं.

"सवय हाय गा. स्वप्नातबी तसंच पाहतो. दुसऱ्यांदा गाठ वेगळी दिसली का समजतो, आपण झोपून राहिलो. मंग गर्दीवरून हातगाडी उडवतो! तू काहून भेतो? गठ्ठे तुह्याच डोक्यातले, अन् तुलेच भेव दाखवते?"

मीही प्रत्येक गाठ दोनदा पाहू लागलो. एकदा स्वप्नात दुसऱ्या नजरेला गाठीचं फूल झालं. मी खदखदून हसलो, गठ्ठ्यावर बसलो आणि उडत थेट आमच्या समुद्रावर उतरलो. आई मासे निवडत होती.

सांगितलं तेव्हा काकांनी विचारलं, "समुद्र अंबाझरी तलावाहून मोठा रायते का गा?"

एक दिवस त्यांना जागेपणी आमच्या समुद्रावर नेईन. नक्की नेईन.