समुद्रात टाकलेला गळ

आमच्या घरी एक गळ होता. मासे धरायचा नव्हे. मासे आमच्या कळंब तालुक्यात कुठून येणार! विहिरीत पडलेली घागर, बादली काढायचा लोखंडी आकड्यांचा झुबका. दोर बांधून तो विहिरीत सोडायचा, तळाशी फिरवायचा आणि काही अडकलं की हलक्या हातानं वर ओढायचं. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका तो हक्कानं न्यायच्या आणि आपण मागायला गेल्याशिवाय परत द्यायच्या नाहीत. गळानं काम झालं नाही की माझ्या भावाला बोलावणं यायचं.

भाऊ माझ्याहून मोठा. शाळेत त्याचं डोकं चालत नसे, पण विहिरीच्या तळाशी बरोबर चालायचं. एकदा बुडी मारली की काठावरच्या बायकांचे प्राण कंठाशी आल्याशिवाय वर येत नसे. ते तो मुद्दाम करायचा, हे मला ठाऊक होतं. विहीर जवळ करणाऱ्या बायकाही त्या काळात काही कमी नव्हत्या. त्यांना वर आणायलाही भाऊच लागे. त्या दिवशी तो जेवायचा नाही. माय म्हणायची, "पुण्य हाय बाबा. त्येंच्या आईबापाला तोंड तरी बघाया मिळतंय."

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. रस्त्यांची, तलावांची कामं निघाली होती. अशाच एका कामावर भावाला कोकणातला एक मुकादम भेटला. बुडालेल्या जहाजांचं लोखंड, तांबं वर काढायचं त्याचं काम होतं आणि त्याला दमदार छातीची माणसं हवी होती. भाऊ गेला. आबांनी नाही म्हटलं नाही. कोरडवाहू रानात दोघा बापलेकांना पुरेल एवढं काम नव्हतंच.

दिवाळीला आला तेव्हा तो वेगळ्याच गोष्टी सांगू लागला. जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारे कुणी साहेब आले होते. खाडीच्या तोंडाशी गाळात रुतलेलं एक लाकडी जहाज ते तपासत होते, आणि पाण्यात उतरायला मुकादमाची माणसं घेतली होती. कमरेला दोर, डोळ्यांवर काचेचा चष्मा.

"विहिरीत उतरताना कधी चष्मा लागला न्हाय," माय म्हणाली, "आन् आता म्हाताऱ्यावाणी लावतूस व्हय?"

तिथं काही दिसलं की उचलायचं नाही, आधी दोरीनं मापं घ्यायची, वस्तू कुठं पडलीय ते वर येऊन साहेबांना सांगायचं, असं तो म्हणाला. मायला ते पटलं नाही. घावलेली वस्तू तिथंच ठेवून वर येणं म्हणजे तिच्या लेखी खुळेपणाच. मग त्यानं फणीचं सांगितलं. गाळात एक लाकडी फणी मिळाली होती, दात शाबूत असलेली. कुणा खलाशाची असणार.

"त्येच्या घरच्यांनी लई वाट बघितली असंल गं माय," तो म्हणाला.

 मायनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळ्याच्या तोंडावर मुकादमाचा माणूस आमच्या दारात आला. भावाच्या कमरेचा दोर जहाजाच्या फळीत अडकून तुटला होता. वरच्यांनी ओढला तर नुसताच दोर हाती आला. ओहोटीची ओढ जबर होती. बाकीचे पाणबुडे खाली जाऊन आले, पण तो सापडला नाही.

गावात कुणीतरी म्हणालं, "पट्टीचा पोहणाराच बुडतो." खरं असेल. पण आमच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणायची ती गोष्ट होती का? त्या माणसाशी मी पुढं जन्मभर बोलले नाही.

आबा उठले. खुंटीवरचा गळ काढला, नवं चऱ्हाट घेतलं, दोन्ही घोंगडीत गुंडाळलं आणि येरमाळ्याला एसटी धरायला निघाले. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलाच नव्हता. आमच्या लेखी तीही एक विहीरच होती, फार तर जरा मोठी.

आबा परतले ते एकटेच. पुढं कधीतरी आबांनी मला सांगितलं, समुद्र दिसल्यावर ते गळ मांडीवर घेऊन वाळूत बसूनच राहिले. "पोरी, त्येला पल्याडचा काठच न्हाय." भावाचे सोबती त्यांना हसले नाहीत. त्यांनी आबांना होडीत घेतलं आणि ते सांगतील तिथं नेलं. आबा दिवसभर गळ टाकत राहिले. वर आलं शेवाळ आणि फाटक्या जाळ्याचा एक तुकडा. मला आजही त्या अनोळखी माणसांच्या पाया पडावंसं वाटतं.

विहीर तिसऱ्या दिवशी माणूस वर देते, असं आमच्याकडं म्हणतात. समुद्र मोठा, त्याला वेळ लागेल, असं माय म्हणायची. पावसाळा गेला, सुगी झाली. शेवटी भावकी बसली. क्रियाकर्माशिवाय पोराला गती कशी मिळणार? गुरुजींनी सांगितलं, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या. आबांनी डोंगरातून पानं आणली. मायनं पुतळ्याला भावाचा सदरा घातला आणि गुंड्या लावल्या.

राख सावडून झाली. आबांनी ती फडक्यात बांधली आणि नदीला निघाले. माय दारात आडवी उभी राहिली.

"कुठं चाललाव?"

"नदीला. सोडाया नगं व्हय?"

"अवो, लोकांची माणसं त्यो पाण्यातनं वर काढीत व्हता. आपुन त्येला परत पाण्यात टाकायचं? एवढा तरी कोरडा ऱ्हाऊ द्या माझा ल्योक."

गुरुजी म्हणाले, असं चालत नाही. भावकीतल्या मोठ्यांचे आवाज चढले. आबांनी कुणाकडं पाहिलं नाही. फडकं मायच्या हातात दिलं. तिनं घरामागच्या बांधावर खुरप्यानं खड्डा केला, राख पुरली आणि वर दगड ठेवला.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. सगळं शिवार आनंदात होतं. मी मात्र आभाळ भरून आलं की घाबरायचे. कारण सर आली की माय हातातलं काम टाकून बांधाकडं पळायची, त्या दगडावर घोंगडी पसरायची आणि तिची टोकं दाबून भर पावसात बसून राहायची. आबा ओसरीवरून बघायचे. एकदा मी तिला ओढून आणायला गेले. ती नखशिखांत भिजली होती, ओठ निळे पडले होते. माझ्याकडं मान वर करून म्हणाली, "जा गं तू घरात. भिजशील."