हात ढिला होईपर्यंत

थंडी अशी बोचरी पडली होती की जेलच्या भिंतीवरून ऊन खाली उतरायला तयार नव्हतं. महिला बराकीची गिनती उरकून शिपाई सबिहानं अठरा कांबळी वाळत टाकायला काढली. सात टाकून झाली, तोवर जोडीची पार्वतीबाई कागद घेऊन आली.

"महानंदाचा जामीन नामंजूर."

गेल्या महिन्यात पार्वतीबाईनं असाच निरोप गिनतीच्या रांगेत, साऱ्यांपुढं वाचला होता. ज्या बाईचा निरोप होता, तिनं स्टीलचं ताट फेकून मारलं. पार्वतीबाईच्या कपाळाला पाच टाके. साहेब दिवसभर बराक बंदच ठेवायला निघाले, तेव्हा सबिहा मधी पडली, "एक महिना द्या. वाईट बातमी मी सांगते, माझ्या रीतीनं." उद्या महिना भरत होता. आज कुणाचा हात उठला, तर अठरा बायकांचं अंगण गेलं.

"काठी तर घे," पार्वतीबाई म्हणाली.

"काठी धरली तर तिचा हात कशानं धरू?"

"धर बाई, मनियाराची लेक तू! चावली तर बोंबलू नको."

सबिहाचं माहेर लातूरचं, बांगड्या भरणाऱ्यांचं. आवळल्या हातात चढवली की काच फुटती, हे अम्मीनं शिकवलेलं. बोलत बोलत दाबायचं, ढिला पडला की सरकवायची.

तिनं महानंदाला लिंबाखाली बसवलं, हात हातात घेतला. नायगावकडचा, खुरप्यानं घट्टे पडलेला हात.

"बांगड्या सव्वादोनच्या बसत्यात का अडीचच्या?"

"अडीचच्या. आपा, निकाल आलाय न्हव?"

"हाव."

शीर ताठली. सबिहा दाबत राहिली. बोटं सैल पडली तशी म्हणाली, "न्हाई मिळाला. वरच्या कोर्टात जाता येतंय. वकिलाला आजच फोन लावून देते."

मूठ वळली, वर गेली. दारातली पार्वतीबाई एक पाऊल पुढं आली. सबिहानं मनगट सोडलं नाही, ओढलंही नाही. मूठ खाली आली ती महानंदाच्या स्वतःच्याच मांडीवर. दोनदा, तीनदा. मग ती मोठ्यानं रडली.

"सोडा की, आपा. लई घट्ट धरलाव."

"रडून झालं का?"

"न्हाई."

"मंग असू दे."

पार्वतीबाई कपाळावरची खूण चोळत म्हणाली, "हे माझ्या टाक्यांआधी सुचलं न्हाई व्हय?"

"ते सांगायला तुमचा हात ढिला व्हायचाय अजून," सबिहा हसली. अन् आठवं कांबळं झटकायला उठली.