वाळलेल्या चिंचेचं कलम

मंडळी, आज सकाळी भिंगारच्या रस्त्यावरची जुनी चिंच तोडली गेली. मी धावत गेलो. आपल्याच वृक्षसमितीतले अण्णा तिथे स्वतःच्या जळणाच्या वखारीची बैलगाडी घेऊन उभे होते.

“अण्णा, परवानगी घेतलीत?”

“वाळलेल्या झाडाला परवानगी लागत न्हाई, मास्तर. कलम तुमीच लिवलंय की! लढाई चाललीय, समद्याचा तुटवडा हाय, लोकांनी जळन कुठनं आनायचं?”

कलम मी लिहिलं, पण सुचवलं अण्णांनी. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मी वाकून पाहिलं. बुंध्याभोवती हातभर साल गोल सोलली होती; असं केलं की झाड उभ्या उभ्या वाळतं. कडा जुन्या, काळ्या पडलेल्या. म्हणजे अण्णांनी कलम सुचवलं, तेव्हाच चिंच मरायला लागली होती.

उद्या आपण नियम सुधारायला बसणार आहोत. अण्णाही येतील. तुम्ही त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलाल?