तांडेल येतलो

सिनेमाच्या वाढवलेल्या आवृत्तीला आमच्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी 'एक्स्टेंडेड कट' म्हणत नाही. आम्ही तिला लांबण म्हणतो. हे नाव माझ्या धाकट्या भावाने ठेवलं. थिएटरात तीन तासांत उरकलेला सिनेमा काही महिन्यांनी पाऊण तास जास्तीचा होऊन घरच्या टीव्हीवर येतो, कापून टाकलेले प्रसंग त्यात परत जोडलेले असतात. बाहेरच्या लोकांना त्याचा कंटाळा येतो म्हणे. येऊ दे. रात्रभर दशावतार बघत वाढलेल्या माणसाला तीन तासांत संपलेली गोष्ट गोष्टच वाटत नाही, त्याला काय करायचं?

ग्रुपवर आम्ही वीसेक जण. कुडाळ, कसाल, मालवण, आणि ओरोसची मी. ओरोसला एका सरकारी ऑफिसात नोकरी, मागच्याच क्वार्टर्समध्ये एकटीचा संसार. पन्नाशीला टेकलेली बाई डब्याच्या सुट्टीत जादूच्या नदीवरून हमरीतुमरीवर येते, याचं ऑफिसातल्यांना भारी हसू येतं. मी त्यांच्या तोंडाला लागत नाही. म्हणजे लागते, पण जेवण झाल्यावर.

सिनेमा तीन भागांचा. त्याचं नाव सांगत बसत नाही, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. त्यात एक नदी आहे, शापित, जी होड्या गिळते. आणि एक होडीवाला आहे, पिकल्या दाढीचा, कमी बोलणारा. मूळ सिनेमात त्याचं काहीतरी कठीण नाव आहे, पण आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला तांडेल म्हणतो. आमच्याकडे मच्छीमार होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, आणि हा माणूस सुकाणू धरून उभा राहिला की थेट आमच्या किनाऱ्यावरचाच वाटतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो गावातली सगळी पोरंबाळं खेपा करून पलीकडे पोचवतो. शेवटच्या खेपेला धुकं येतं. मग होडी एकटीच काठाला लागते, रिकामी.

बस, एवढंच दाखवलं. बुडताना दाखवला नाही, मेलेला दाखवला नाही.

माझा भाऊ व्यापारी जहाजावर होता. तेव्हा तो सुट्टीवर आला होता आणि हा भाग आम्ही कुडाळात एकत्र पाहिला, तो, त्याची बायको आणि मी. सिनेमा सुटल्यावर बाहेर चहा पिताना त्याने डोकं खाल्लं नुसतं. रिकामी होडी, रिकामी होडी. मग सुट्टी संपली, तो जहाजावर गेला, आणि तिथून त्याने ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पाठीमागे इंजिनाची घरघर आणि त्याचा आवाज, तांडेल येणारच असं ठासून सांगणारा: "तांडेल येतलो. मेलेलो दाखवल्यानी खंय? होडी रिकामी इली म्हणान माणूस मेलो काय? लांबण येऊ दे, मगे बघ."

त्यानंतर तीन आठवड्यांनी जहाजावरून फोन आला. पहाटे तो ड्युटीवर आला नाही म्हणून शोधलं, तर जहाजावर कुठेच नव्हता. जहाज मागे फिरवलं, पाणी धुंडाळलं, दुसऱ्या जहाजांना कळवलं. काही दिवसांनी शोध थांबवला. कागदावर शब्द आला, 'बेपत्ता'.

या शब्दाला मी जी चिकटले ती चिकटलेच. बेपत्ता म्हणजे पत्ता नाही, एवढंच. माणूस नाही असं त्यात कुठे लिहिलंय? नातेवाईक गावच्या घरी आई-भावजयीला भेटायला आले आणि एका काकांनी 'फार गुणाचा होता' असं म्हटलं, तेव्हा मी भर घरात त्यांच्यावर उखडले. होता काय होता? आहे म्हणा. काका बिचारे चहा अर्धा टाकून उठले. भावजयीने कपबशा उचलल्या.

पुढे भटजी घरी आले. समुद्रात गेलेल्या आणि हाती न लागलेल्या माणसासाठी आमच्याकडे दर्भाचा पुतळा करतात. त्याला माणसासारखी आंघोळ घालतात, वस्त्र देतात आणि अग्नी देतात. मग दिवस करतात. शास्त्रात पुष्कळ वर्षं थांबायला सांगितलंय, पण किनाऱ्यावरच्या घरांत तेवढं कोणी थांबत नाही, घरातली सगळी माणसं हो म्हणाली की करून टाकतात, असं भटजींचं म्हणणं. अग्नी द्यायला चुलतभाऊ तयार होता. आई खाली बघत राहिली. भावजय दाराशी उभी होती. मी म्हटलं, माझ्या जिवंत भावाला गवत करून जाळायला मी हो म्हणणार नाही. भटजी पंचांग मिटून गेले.

तेव्हापासून सगळं माझ्या एका शब्दावर अडलं. आईचं अडलं. भावजयीचं तर पुरतंच अडलं. ती धड सवाष्ण नाही, धड दुसरं काही नाही. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे शेजारणींना कळेना, म्हणून त्यांनी बोलवायचंच सोडलं. वालावलला तिच्या माहेरी सणाला गेली तरी तिथे हीच कुजबुज. हे सगळं मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी पुढे जात होते, हे आज लिहायला लाज वाटते.

मला आधार सिनेमाचा होता. हसू नका. दुसऱ्या भागाची लांबण येऊन गेली, तिच्यातही होडी रिकामीच होती. आता तिसरा भाग यायचा होता आणि ग्रुपवर रोज एकच खल, तांडेल जिवंत की मेलेला. कसालला औषधाचं दुकान असलेला आमच्यातला एक जण मोठा अभ्यासू. तो फोटो मोठे करून दाखवायचा, पोस्टरच्या कोपऱ्यात वल्हं आहे, धुक्यात सावली आहे. मी त्याच्याही पुढे. लहानपणी आम्ही दोघं भावंडं दशावताराला गेलो की नाटक रंगात असताना मागे रंगपटात डोकवायचो. पुढे मंडपात भीमाने मारलेला राक्षस तिथे पत्र्याच्या खुर्चीवर बसून चहा पीत असायचा, कपाळावरचा घाम पुसत. मेलेला माणूस कनातीमागे चहा पितो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. माझी समजूत तिथेच घट्ट झाली असावी. मी ग्रुपवर हेच लिहायचे, आणि गंमत म्हणजे कोणी मला खोडून काढायचं नाही. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं माझ्यापुढे गप्प. मला वाटायचं, माझा मुद्दा बिनतोड आहे.

ग्रुपचा अॅडमिन भाऊच. नवीन माणूस घ्यायचा तर त्यानेच घ्यायला हवा, त्यामुळे ग्रुप आहे तेवढाच राहिला. दुसरा काढूया असं कोणीच म्हटलं नाही.

आणि एक सांगायचंच राहिलं. मी त्याला मेसेज पाठवायचे, ग्रुपवर नाही, त्याच्या नंबरवर. आज अमक्याने असं म्हटलं, तुझं काय मत? त्याची बॅग कंपनीने घरी पाठवली होती, त्यात फोन होता आणि भावजय तो चार्ज करून कपाटात ठेवते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मेसेज पोचला की दोन टिका यायच्या, आणि दुपारपर्यंत त्या निळ्या व्हायच्या. कोण वाचतंय हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. ऑफिसात फाईल पुढ्यात घेऊन मी त्या निळ्या होण्याची वाट बघत बसायचे. कधी वाटायचं, आता 'टाइप करत आहे' असं येईल. एकदा खरंच आलं. क्षणभर आलं आणि गेलं. मी फाईल तशीच टाकून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. उत्तर काही आलं नाही.

गेल्या दिवाळीत तिसरा भाग आला. मी पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहिला. तांडेल नाही. त्याचं नाव नाही, विषय नाही, जणू तो कधी नव्हताच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, कापलाय. एवढा मोठा माणूस असा सोडून देतील काय? लांबणीत येणार. पाच-सहा जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. कसालच्या मेडिकलवाल्याने काहीच टाकलं नाही.

शिमग्यानंतर लांबण येणार असं जाहीर झालं. त्याच्या आठवडाभर आधी, ऑफिसात असताना, मेडिकलवाल्याचा ग्रुपवर एक मेसेज आला आणि मी उघडेपर्यंत त्याने तो पुसून टाकला. मी विचारलं, काय होतं? म्हणाला, चुकून दुकानाची यादी गेली. बाकी कोणी चकार शब्द काढला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लांबण आली त्या रविवारी सकाळी भावजय एसटीने ओरोसला आली. आधी फोन नाही, काही नाही. डब्यात बांगड्याचं तिखलं, पिशवीत नारळ. म्हणाली, सिनेमा बघूया एकत्र. मला बरं वाटलं. वाटलं, हिच्याही मनात आशा आहे. जेवलो आणि दुपारी पडदे ओढून टीव्ही लावला. पहिले दोन तास मी तिला समजावत होते, हे नवीन, हे थिएटरात नव्हतं. ती हं हं करत होती.

मग नदीचा काठ आला. पहाट. हा प्रसंग माझ्या ओळखीचा नव्हता, म्हणजे वाढवलेला. मी पुढे सरकून बसले. पाणी ओसरलेलं, चिखल, आणि चिखलात तो पडलेला. दाढी, तेच कपडे. जवळून दाखवला, डोळे उघडे. शंकेला जागाच नाही ठेवली मेल्यांनी. काठावरच्या तीन बायका येतात, एक जण त्याचं डोकं मांडीवर घेते, दुसऱ्या दोघी घागरीने पाणी आणून त्याला धुतात. चिखल जातो, चेहरा स्वच्छ होतो. संगीतसुद्धा नाही, नुसता पाण्याचा आवाज. दोन मिनिटांचा प्रसंग असेल.

मी रिमोट शोधायला लागले. हाताला लागेना. तोंडाने बडबडत होते, हे चुकीचं आहे, हे मुद्दाम केलंय, हे कापलं होतं ते बरं होतं. भावजयीने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. ती रडत नव्हती. दचकलीही नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला माहीत होतं.

मी तिच्यावर ओरडले. मग हळूहळू तिने सांगितलं. मेडिकलवाल्याने तो प्रसंग कुठेतरी वाचून ग्रुपवर टाकला होता, आणि लगेच पुसला तो माझ्यासाठी. पण भावाचा फोन तिच्या हातात होता, तिने तेवढ्यात वाचलं. सगळ्यांना ठाऊक होतं. ती माणसं दोन वर्षं माझ्याशी वाद घालत नव्हती ती काही माझा मुद्दा बिनतोड होता म्हणून नव्हे. निळ्या टिका तिच्या. माझा प्रत्येक मेसेज तिने वाचला होता. एकदा उत्तर लिहायला घेतलं, पण तो बोलला असता तसं तिला लिहिता येईना. मला हे एकटीने बघू द्यायचं नाही म्हणून ती आज आली होती.

मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग नुसतं रडू आलं. तिने पाणी आणून दिलं. माझ्याजवळ जमिनीवर बसली. या दोन वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशीही तिने मागणं असं केलं नाही. बंद टीव्हीकडे बघत म्हणाली, "इतक्या पाण्यात आसा तो, ताई. पण तेका आंघोळ घालूक कोणच नाय."

मी तिचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला असेल, कारण तिची पाचची एसटी चुकली. मग मी आईला फोन लावला. आईने नेहमीसारखं आधी विचारलं, जेवलीस काय. मी म्हटलं जेवले. मग म्हटलं, आई, भटजींना बोलव. करूया.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पाणी मी तापवतलंय," आई म्हणाली. "तेका थंड सोसणा नाय."