टॉवरची दुसरी तार

शाहूवाडीच्या बाजूला पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना जेसीबीनं फायबरची केबल तोडली, तेव्हा ती जोडायला मी एकटीच गेले. एरवी आम्ही नवरा-बायको बरोबर असतो. त्या दिवशी तो कोल्हापुरात केबल ओढायच्या कामावर अडकला होता, गाडीही त्याच्याकडेच होती. जोडायचं मशीन मी स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि निघाले. सकाळभर वापरलेल्या मशीनची बॅटरी पुरेल, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

चराच्या कडेला एक माणूस उकिडवा बसला होता. मला बघताच उठला.

"ताई, फोन कवा चालू हुईल?"

"बघते की. काय झालं?"

"लेकीला कळा सुरू झाल्यात. अँब्युलन्सला फोनच लागंना. जावई गाडी बघाय गेल्यात, त्येंचाबी पत्त्या न्हाय."

गावचा टॉवर याच केबलवर होता. त्याच्या दोन तारा. एकीतून आवाज जायचा, दुसरीतून यायचा. एक जोडून भागणार नव्हतं. बाकीच्या सोडून मी आधी त्या दोन शोधल्या.

केसाएवढी काचेची तार. सोलायची, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं, मग दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते, काच वितळते आणि दोन तारांची एक होते. यात धुळीचा कण चालत नाही, आणि माळावर वारा सुटलेला. त्या माणसानं डोक्याचा टॉवेल सोडून आडोशाला धरला.

पहिली तार जोडली गेली. दुसरीत बुडबुडा दिसला. जोड तोडून पुन्हा टोक कापलं. दर वेळी तार आखूड होते, आणि जेसीबीनं हाताशी फारशी ठेवलीच नव्हती. तिसऱ्यांदा टोकं ठेवली, तर ठिणगीच्या आधीच मशीनचा पडदा काळा झाला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि अवजारांची पेटी उपसायला लागले.

पेटीच्या तळाशी नळीचे जोड होते. बोटाच्या पेराएवढी नळी, आत जेल. दोन्हीकडून टोकं सारायची, टेकली की खटका दाबायचा. यात काच वितळत नाही, नुसती टेकून राहते. मी श्वास रोखून खटका दाबला.

त्यानं फोन कानाला लावला. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम ओरडला, "लागला!" आणि बोलत बोलतच घराकडे पळाला.

मी मात्र हलले नाही. टोकं जरा सरकली तर? अँब्युलन्स रस्त्यानं गावाकडे गेली, परत आली, तरी मी जोडापाशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर चार्ज केलेलं मशीन घेऊन गेले. तो माणूस चहाची किटली घेऊन आला.

"नात झाली. दोघीबी बऱ्या हायत."

नवऱ्यानं त्याला सांगितलं, की हा जोड कामचलाऊ आहे, तो तोडून पक्का करायचाय.

"परत तोडणार व्हय?" त्याचा चेहरा उतरला. "आन तेवढ्यात कुणाला गरज लागली तर?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "काका, गावात विचारून या. कुणाचं काही अडलेलं नाही ना, बघा. मग तोडू."

तो लगबगीनं गेला. कटर हातात धरून मी त्याच्या वाटेकडे बघत बसले.