आत कोन बसलंय?

"बाई, आत कोन बसलंय?"

आमच्या दारात उभं राहून काका हे विचारायचे. आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलेलो आणि आतल्या खोलीत दिवा जळतोय, असं दिसलं की विचारायचेच. मी म्हणायचे, "कोणी नाही." "मग लाईट कुनासाठी?" एवढं बोलून ते चपला काढायचे, सरळ आत जाऊन बटण बंद करायचे आणि मग कशासाठी आलो ते सांगायचे. पुष्कळदा ते कशासाठीही आलेले नसायचे. रस्त्यावरून खिडकीत उजेड दिसला म्हणून जिना चढून आलेले असायचे.

सावेडीतल्या आमच्या इमारतीत ते आणि काकू तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर. वीज खात्यात ते लाईनमन होते. नेवासा तालुक्यात खेडोपाडी खांब चढण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर मुलगी इथे दिली म्हणून त्यांनी इथे घर घेतलं. मी शाळेत शिकवायचे म्हणून त्यांच्या लेखी 'बाई'. आमच्या ह्यांचं नाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे, पण आमच्या घरातलं कुठलं बटण कशाचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

असा माणूस तुमच्याही आसपास असेल तर तुम्हाला सांगायला नको की त्याचा रागच जास्त येतो. एकदा त्यांनी माझ्या फ्रीजच्या दारात वर्तमानपत्राचा कपटा धरून दार लावलं आणि कपटा ओढला. तो अलगद बाहेर आला. "बघा. रबर गेलंय. गार हवा चाललीय भाइर, अन् मशीन बसलंय राबत." रबर बदलून घ्यावं लागलं. मग त्यांनी फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. डाळ भिजवल्याशिवाय कुकरला लावता म्हणून मला बोलले. टीव्हीच्या लाल दिव्यावर त्यांचा विशेष राग. "रिमोटनं बंद केलेला टीव्ही म्हंजे झोपेचं सोंग," म्हणायचे, आणि खाली वाकून भिंतीतलं बटण बंद करायचे. आमचं बिल खरोखरच उतरलं. मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. रोज सकाळी अंघोळ झाली की ते स्वतःचा मीटर बघायचे आणि जाता जाता आमचाही.

हे मीटर जिन्याखाली एका भिंतीवर आहेत. प्रत्येक मीटरखाली त्या त्या घराचा मेन खटका. काका-काकू दोघं बाहेर पडले, मग ते भाजी आणायला का असेना, की काकांचा हात जिन्याखाली जायचा आणि खटका खाली यायचा. एका उन्हाळ्यात आम्ही घोडेगावला नणंदेकडच्या लग्नाला चार दिवस गेलो. त्यांनी मायेने आमचाही खटका ओढून ठेवला. परत येऊन फ्रीज उघडला तर दूध, साय, आमरस, सगळ्याचा मिळून असा वास सुटला की शेजारीपाजारी चौकशीला आले. मी दोन दिवस काकांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. "बाई, आमच्याकडं फ्रीज न्हाई ना. ध्यानातच आलं न्हाई बघा." मागे काकू, हातात गरम धपाट्यांचा डबा. आता यावर भांडायचं तरी कसं?

पुढे काकूंना दम लागायला लागला. फुफ्फुसांचं दुखणं निघालं आणि पंधरा दिवस त्या दवाखान्यात होत्या. काका सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायचे. घराला कुलूप लावायचं, खटका ओढायचा, सायकलीवर टांग टाकायची. पंधरा दिवस हेच. काकू घरी आल्या त्या एक मशीन घेऊन. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकात सोडणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं की सध्या ते रात्रंदिवस चालू पाहिजे. काकांनी मशीनची नळी जरा लांबच मागून घेतली, खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि आतल्या खोलीपर्यंत पोचेल अशी. काकू मला म्हणाल्या, "माज्यासाठी न्हाई वो. मला बटनं बंद करता यावीत म्हनून आनलीय." काका शेजारीच नळी गुंडाळत होते. ते हसले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा आटपून मी घरी येत होते. जिन्यापाशी आले तर काकांच्या घरातून सलग शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मी दार ढकललं. काकू खाटेवर बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर-खाली होत होते आणि मशीन बंद पडून नुसतं ओरडत होतं. त्यांना बोलता येईना. त्यांनी फक्त वर थांबलेल्या पंख्याकडे बोट दाखवलं. बाहेर येऊन जिन्यातलं बटण दाबलं, तो दिवा मात्र लागला. मी धावत जिन्याखाली गेले. सगळ्यांचे खटके वर, एकच खाली. तो वर केला आणि परत आले, तोवर मशीन घरघरायला लागलं होतं. काकूंची पाठ चोळत मी बसले. त्यांच्या ओठांना रंग यायला किती वेळ लागला कोण जाणे, मला तो फार वाटला.

काका औषधांची पिशवी घेऊन आले. मला तिथे बघून दारातच थांबले. काकूंनी माझ्याआधी तोंड उघडलं. "काई न्हाई. लाईट गेल्ती जरा."

काकांनी पंख्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. ज्या माणसाला गल्लीतली लाईट गेलीय की घरातली हे उभ्या उभ्या कळतं, त्याला फसवणार कसं? त्यांनी मला बाहेर बोलावलं. "बाई, खटका खाली हुता का?"

खोटं बोलायचं ठरवूनच मी बाहेर आले होते. पण मान हललीच.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. "इतकी वर्सं खांबावर चढलो. माज्या हातानं कुनाला काई झालं न्हाई. अन् आज घरात..." नुसतं हाताचा पंजा मांडीवर घासत राहिले. मला त्या माणसाची इतकी दया आली की त्यांच्यावर काढलेला सगळा राग मला आठवला आणि माझीच लाज वाटली.

लाईनमन खांबावर चढला की खालच्या स्विचला एक पत्र्याची पाटी अडकवतात. 'लाईनवर माणूस आहे. चालू करू नये.' नोकरीतली तसली एक पाटी काकांनी जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुसून रंगवली आणि स्वतःच्या खटक्याला तारेने आवळून बांधली. त्यावर लिहिलं होतं, 'आत माणूस आहे. बंद करू नये.' त्याच आठवड्यात मशीनपुरता इन्व्हर्टर आला. आणि सकाळी मीटर बघणं त्यांनी सोडून दिलं. बाकी घरात काटकसर आणखी वाढली, ते स्वतः भर उन्हाळ्यात दारात पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे, पण मशीनचा विषय मी काढला की म्हणायचे, "ते तिचं हाय. पळू द्या मीटर किती पळायचाय तो."

असं दीड-पावणेदोन वर्षं चाललं. काकूंची तब्येत तोलून धरल्यासारखी तशीच राहिली. आम्ही सगळे काकूंकडे लक्ष ठेवून होतो आणि गेले काका. दुपारी जेवून आडवे झाले, चहाला उठवायला काकू गेल्या तर उठले नाहीत. मुलगी काकूंना आपल्याकडे ये म्हणाली. काकू म्हणाल्या, "मशीनचं समदं हितं लावून दिलंय त्यांनी," आणि राहिल्या.

महिन्याभराने भर दुपारी मी वाटीत भाजी घेऊन खाली गेले. काकू पुढच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, शेजारी मशीन घरघरत होतं. आतल्या रिकाम्या खोलीत दिवा लखलखीत जळत होता. या घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं विसरल्या असतील. मी बटणाकडे निघाले.

"ऱ्हाऊ द्या बाई," काकू म्हणाल्या. "मीच लावलाय. सकाळधरनं लावलाय. म्हनलं, बघू कोन इचारतंय का."

भाजीची वाटी हातात तशीच. मग मी दाराशी गेले, उंबऱ्यावर उभी राहिले आणि जमेल तसं विचारलं, "काकू, आत कोन बसलंय?"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "कुनी न्हाई," म्हणाल्या, आणि खाटेची कड धरून उठल्या. नळी मागे सोडत सोडत सावकाश आतल्या खोलीपर्यंत गेल्या. नळी बरोबर पुरली. त्यांनी हात वर करून बटण बंद केलं.